मोंग: ना देश, ना पोथी, तरी टिकलेला समाज

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या राजधानीत, म्हणजे सेंट पॉलमध्ये, काओली हर महापौरपदाची निवडणूक जिंकल्या. त्यांचा जन्म लाओसचा. अगदी लहान असताना घरच्यांबरोबर थायलंडमधल्या निर्वासितांच्या छावणीतून त्या अमेरिकेत आल्या. त्याआधी २०२१ मध्ये याच शहरातल्या सुनीसा ली या मुलीने टोकियो ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सच्या ऑल-अराउंड प्रकारात सुवर्णपदक मिळवलं होतं. दोघीही मोंग समाजाच्या. इंग्रजीत या नावाच्या आधी एक एच लिहितात, म्हणून मराठीत कुठे कुठे ‘ह्मोंग’ असंही वाचायला मिळतं.

पन्नास वर्षांत डोंगरातल्या शेतकऱ्यांची पोरंबाळं कुठल्या कुठे गेली, ही यशोगाथा सांगायला सोपी आहे. पण मोंगांचा प्रश्न जरा वेगळा होता. त्यांना स्वतःचा देश नाही, कधीच नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांच्या भाषेला सर्रास वापरातली लिपी नव्हती. देवळं नाहीत, पोथ्या नाहीत. जे काही होतं ते माणसांच्या तोंडी आणि विधींमध्ये. असा समाज बर्फाळ शहरातल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये येऊन पडला, तर त्याने बरोबर आणलेलं टिकतं कसं?

आधी ते तिथे पोचले कसे, ते पाहू. मोंग मूळचे दक्षिण चीनमधल्या ग्वेझू, युनान, सिचुआन या डोंगराळ भागातले. चीनच्या सरकारी यादीत आजही ते ‘म्याओ’ या मोठ्या गटात मोडतात. चिंग राजवटीशी झालेल्या लढायांनंतर, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात, त्यांचे जथे दक्षिणेला व्हिएतनाम, लाओस आणि थायलंडच्या डोंगरांत सरकले. तिथे त्यांनी उंचावरच्या जागा धरल्या. जंगल तोडून-जाळून, आपल्या सह्याद्रीत कुमरी म्हणतात तशी फिरती शेती केली. भात, मका, आणि रोख पैशासाठी अफू. जमिनीचा कस गेला की गाव पुढच्या डोंगरावर. त्यामुळे ‘आपलं गाव’ ही गोष्टच त्यांच्याकडे फिरती होती. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

१९६० च्या दशकात व्हिएतनाम युद्ध पेटलं. उत्तर व्हिएतनामची रसद ज्या हो ची मिन्ह मार्गाने दक्षिणेला जायची, त्याचा बराच भाग लाओसमधून जात होता. १९६२ च्या जिनिव्हा करारानुसार लाओस तटस्थ देश, म्हणजे अमेरिकेला तिथे उघडपणे फौज पाठवायची सोय नव्हती. मग सीआयएने डोंगरातल्या मोंगांना हाताशी धरलं. वांग पाओ नावाच्या मोंग सेनाधिकाऱ्याच्या हाताखाली एक फौज उभी राहिली. लाँग चेंग नावाच्या दरीत धावपट्टी झाली, तिच्याभोवती शहर वसलं, आणि हे सगळं नकाशावर मात्र नव्हतं. मोंग सैनिकांनी रसद तोडली, पाडलेल्या विमानांमधल्या अमेरिकन वैमानिकांना सोडवलं, आणि हजारोंच्या संख्येने ते मेले. शेवटी शेवटी तर तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या हाती बंदुका होत्या. याच काळात, १९६४ ते १९७३ मध्ये, अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले.

मे १९७५ मध्ये लाओसमध्ये कम्युनिस्टांची सरशी झाली आणि सगळं कोसळलं. लाँग चेंगमधून विमानांनी जेमतेम अडीच हजार माणसं हलवली गेली, त्यात वांग पाओ आणि बरेचसे अधिकारी व त्यांची कुटुंबं होती. बाकीच्यांनी जंगलातून पायी मेकाँग नदी गाठली. बांबूच्या मोळ्या काखेत धरून, टायरच्या ट्यूबवर, जमेल तसं रात्रीच्या अंधारात पलीकडे थायलंडला. कित्येक जण पोचलेच नाहीत.

थायलंडमध्ये बान विनाय ही सगळ्यात मोठी छावणी. ऐन भरात तिथे चाळीस हजारांहून जास्त माणसं राहत होती. काही जण वर्षभरात अमेरिकेला गेले, काहींची दहा-पंधरा वर्षं तिथेच गेली. शेवटची मोठी तुकडी, सुमारे पंधरा हजार जणांची, वाट थाम क्राबोक इथल्या वस्तीतून २००४ नंतर आली. २०२० च्या जनगणनेप्रमाणे अमेरिकेत मोंगांची संख्या साडेतीन लाखांच्या आसपास आहे.

अमेरिकन सरकारचं सुरुवातीचं धोरण होतं या लोकांना विखरून वसवायचं. कुठल्याच एका शहरावर भार नको, आणि चार ठिकाणी पांगले की लवकर मिसळतील, हा हिशेब. एखादं चर्च एका कुटुंबाची जबाबदारी घ्यायचं आणि ते कुटुंब त्या गावी. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं. मोंगांनी काही वर्षांतच ते निकालात काढलं. कुणी सांगितलं म्हणून नाही; मिळेल त्या जुन्या गाडीत संसार भरून ते आपल्या माणसांकडे निघून गेले. कॅलिफोर्नियात फ्रेस्नो आणि मर्सेड, विस्कॉन्सिनमध्ये मिलवॉकी, वॉसॉ, ग्रीन बे, आणि मिनेसोटात मिनिआपोलिस-सेंट पॉल ही त्यांची ठाणी झाली. उणे वीस-पंचवीसपर्यंत तापमान उतरणाऱ्या गावात उष्ण देशातली माणसं आपणहून का जातील, असा प्रश्न तेव्हा बऱ्याच अमेरिकनांना पडला होता. उत्तर एकच: तिथे कुळातली माणसं होती.

मोंग समाजात साधारण अठरा कुळं मानतात: वांग, यांग, ली, शियाँग, मुआ, थाओ, हर वगैरे. कुळाचं नाव हेच आडनाव. एकाच कुळातल्या मुलामुलीचं लग्न होत नाही, मग त्यांचा प्रत्यक्षात काही संबंध असो वा नसो. सगोत्र विवाहाचा नियम ऐकत मोठे झालेल्या आपल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. फरक इतकाच की आपल्याकडे गोत्र बहुतेकांना लग्नाच्या वेळीच आठवतं. मोंगांकडे कुळ रोज लागतं. अनोळखी शहरात आपल्या आडनावाचा माणूस भेटला की तो भाऊ, आणि त्याच्या घरी मुक्काम हा हक्क. कर्ज हवं, घटस्फोटाचा तंटा आहे, पोरगा वाया चाललाय, घरात मयत झालीय, सगळ्याला आधी कुळातली वडीलधारी मंडळी. बायका लग्नानंतरही माहेरच्या कुळाचं नाव ठेवतात, पण विधींच्या हिशेबात नवऱ्याच्या घरच्या होतात.

या सगळ्या यंत्रणेचा कणा म्हणजे अंत्यविधी. मला विचाराल तर मोंग संस्कृती अमेरिकेत का टिकली याचं अर्धं उत्तर तिथेच आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

मूल जन्मलं की त्याची वार घरातच पुरायची, ही लाओसमधली रीत. मुलाची घराच्या मधल्या खांबाशी, मुलीची आईबापांच्या पलंगाखाली. माणूस मेला की त्याच्या आत्म्याने परत त्या जागी जायचं, वार अंगरख्यासारखी अंगात घालायची आणि मग पूर्वजांकडे निघायचं. पण आत्म्याला रस्ता माहीत नसतो. म्हणून जाणकार माणूस मृताच्या उशाशी उभा राहून ‘खुआ के’ म्हणतो, म्हणजे वाट दाखवण्याचं गाणं. तासन्‌तास चालणाऱ्या या गाण्यात मृत माणूस आयुष्यभरात जिथे जिथे राहिला, ती सगळी ठिकाणं उलट्या क्रमाने येतात. सेंट पॉलमध्ये वारलेल्या आजीचा आत्मा आधी सेंट पॉलचा निरोप घेतो, मग आधी जिथे राहिली ते विस्कॉन्सिनमधलं गाव, मग थायलंडची छावणी, मग मेकाँगपार, मग लाओसमधलं एकेक गाव, थेट वार पुरलेल्या घरापर्यंत. फिरत्या शेतीच्या लोकांनी बनवलेलं हे गाणं. निर्वासितांचा प्रवास त्यात सहज मावला. नवीन मुक्काम वाढले, गाण्याची घडण तीच राहिली.

मग ‘केंग’ वाजते. लाकडाची पोकळ कोठी आणि तिच्यात बसवलेल्या सहा वाकड्या बांबूच्या नळ्या, असं हे फुंकून वाजवायचं वाद्य. मोंग भाषा सुरांची आहे. एकच अक्षर वेगळ्या सुरात म्हटलं की अर्थ बदलतो. केंग वाजवणारा शब्दांचे हेच सूर वाद्यातून काढतो, म्हणजे केंग अक्षरशः बोलते, आणि ते बोलणं मृतासाठी असतं. जिवंतांपैकी शिकलेल्यांनाच ते कळतं. वाजवणारा वाकून, गिरक्या घेत, ढोलाभोवती फिरत वाजवतो, म्हणजे वाईट शक्तींना माग लागू नये. अंत्यविधीच्या रचना घरात बसून शिकायच्या नाहीत, घरावर मरण ओढवतं, असा संकेत आहे. त्यामुळे शिकणारी मुलं घराबाहेर सराव करतात.

हे सगळं तीन-चार दिवस, रात्रंदिवस चालतं. लाओसमध्ये ते राहत्या घरात होई. अमेरिकेतल्या फ्लॅटमध्ये रात्रभर ढोल वाजवून पाहा, पोलीस दारात. शिवाय तीन-चार दिवस रजा कुणाला मिळते? तोडगा असा निघाला की मोंगांची स्वतःची अंत्यविधीगृहं झाली. रात्रभर उघडी, मोठं स्वयंपाकघर असलेली. विधी शुक्रवारी सुरू होतो आणि सोमवारी दफन. शनिवार-रविवार मोजकेच असल्यामुळे तारखेसाठी रांग लागते, आणि मृतदेह काही आठवडे शीतगृहात थांबतो. जुन्या जाणत्यांना हे पटत नाही. पण पटत नाही म्हणून कुणी विधी सोडलेला नाही.

मृताच्या अंगावर धातू नको, ही एक अट. धातूने आत्मा अडकतो. म्हणून कपड्याला बटण नाही, चेन नाही, शवपेटीला खिळासुद्धा नाही. सगळे सांधे लाकडातले. पायात भांगेच्या झाडाच्या धाग्यांचे जोडे, कारण पुढे केसाळ सुरवंटांचा डोंगर ओलांडायचा असतो. मुलांनी आणि जावयांनी बैल-गाई द्यायच्या, त्या मृताबरोबर जातात. शहरात जनावर कापता येत नाही, तेव्हा शहराबाहेरच्या कत्तलखान्यात विधी उरकून मांस अंत्यविधीगृहात येतं आणि आलेल्या शेकडो माणसांना जेवण घातलं जातं. खर्च हजारो डॉलरचा. तो एकटं घर पेलूच शकत नाही, कुळच पेलतं, आणि म्हणून कुळाशी फटकून राहणं परवडत नाही. कोण आलं, कोणी किती दिलं, हे वहीत लिहिलं जातं. उद्या त्याच्या घरी तशी वेळ आली की फेडायचं असतं.

आजारपणाचंही असंच. मोंग समजुतीप्रमाणे माणसाला एकापेक्षा जास्त आत्मे असतात आणि एखादा घाबरून, दुखावून निघून गेला की माणूस आजारी पडतो. ‘त्सी नेंग’, म्हणजे त्यांचा भगत, बाकावर घोडा दौडवल्यासारखा बसून तोंडावर काळं फडकं बांधतो आणि परलोकात जाऊन त्या आत्म्याशी वाटाघाट करतो. ‘हू प्ली’ हा त्याहून साधा विधी: उंबऱ्याशी उभं राहून, अंडं आणि कोंबडी ठेवून आत्म्याला घरी बोलवायचं, आणि मग नातलगांनी मनगटाला पांढरे दोरे बांधायचे.

अशी माणसं अमेरिकन इस्पितळात गेली तेव्हा काय झालं असेल, कल्पना करा. रक्त काढलं तर ते भरून येत नाही, भूल दिली की आत्मा भरकटतो, मेल्यावर शवविच्छेदन झालं तर पुढच्या जन्मात अंग अपुरं येतं, अशी त्यांची धास्ती. डॉक्टरांना वाटायचं रुग्ण ऐकत नाहीत, आणि मनगटावरचे दोरे परिचारिका स्वच्छतेच्या नावाखाली कापून टाकायच्या. त्यातच १९८० च्या सुमारास धडधाकट मोंग पुरुष झोपेतच मरू लागले. समाजात म्हणत, पूर्वजांचे विधी झाले नाहीत म्हणून रक्षण करणारे आत्मे दूर गेले आणि छातीवर बसणारं ‘दा चो’ हे भूत मोकाट सुटलं. डॉक्टरांनी पुढे या प्रकारच्या मृत्यूंचा संबंध हृदयाच्या ठोक्यांतल्या जन्मजात दोषाशी जोडला. दोष आधीपासूनच असला, तरी ताण कशाचा होता, हे विचारायला जागा राहतेच.

मर्सेडच्या मर्सी मेडिकल सेंटरने यावर केलेली गोष्ट मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. तिथे मोंग भगतांना सात आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं: जंतू म्हणजे काय, सूक्ष्मदर्शकातून काय दिसतं, शस्त्रक्रियेच्या खोलीत काय चालतं. २००९ च्या सुमारास इस्पितळाने लेखी धोरणच केलं. भगताला ओळखपत्र, आणि नऊ विधी इस्पितळात करायची परवानगी. त्यात हू प्ली आहे, हळू आवाजातलं मंत्र म्हणणं आहे. जनावराचा बळी मात्र घरी. भगत पाहून गेला की रुग्ण शस्त्रक्रियेला तयार होतो, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं.

बदल झाला की अस्सलपणा गेला, असं म्हणणाऱ्यांनी ‘पा न्दाऊ’ हे त्यांचं भरतकाम पाहावं. मूळ प्रकारात नक्षी असते, आकृत्या नसतात: गोगलगायीची वळणं, हत्तीचं पाऊल, उलट्या बाजूने शिवलेले ठिगळांचे चौकोन. माणसं, विमानं, नदी पोहणारी कुटुंबं दाखवणारी कथाचादर ही १९७० च्या दशकात थायलंडच्या छावण्यांत जन्मली. हातात काम नाही, बाहेर विकत घेणारे परदेशी लोक आहेत, मग बायकांनी आणि काही पुरुषांनीही पळून येण्याची कहाणीच सुईने काढली. परदेशी गिऱ्हाइकांच्या घरात शोभतील म्हणून रंगही मऊ झाले. आज अमेरिकेतल्या संग्रहालयांत मोंग परंपरा म्हणून हीच चादर लावलेली असते, आणि तिचं वय पन्नास वर्षं आहे.

नवं वर्ष पूर्वी सुगी संपली की गावागावात व्हायचं. आता सेंट पॉलचं थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, फ्रेस्नोचं डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. शहरांनी तारखा वेगळ्या ठेवल्या की लोकांना दोन्हीकडे जाता येतं. नाण्यांनी मढलेले पोशाख घालून तरुण-तरुणी समोरासमोर रांगेत उभ्या राहतात आणि चेंडू झेलतात. हा खेळ लग्न जुळवायचा. समोरचा आपल्या कुळाचा नसावा एवढी अट. पूर्वी चेंडू कापडाचा शिवलेला असे, आता बहुतेकांच्या हातात टेनिसचा असतो.

पोटापाण्याचं सुरुवातीला फार कठीण गेलं. १९९० च्या जनगणनेत दर शंभर मोंगांपैकी चौसष्टच्या आसपास दारिद्र्यरेषेखाली होते. दहा वर्षांत ते प्रमाण अडतीसवर आलं. या उतारात शेतीचा वाटा आहे. शहराच्या कडेला एक-दोन एकर खंडाने घेऊन पालेभाज्या, गवती चहा, मिरच्या, कोथिंबीर लावायची आणि शनिवारी बाजारात बसायचं, हे आजी-आजोबांना जमण्यासारखं काम होतं. सेंट पॉलचा शेतकरी बाजार आज मोंग विक्रेत्यांशिवाय ओळखू येणार नाही. २००४ मध्ये त्याच शहरात लाकडाच्या एका जुन्या वखारीत एक बाजार सुरू झाला, त्याला आज मोंगटाउन म्हणतात. तिथे पपईचं सॅलड, औषधी मुळ्या, पोशाख आणि फोनचे कव्हर एका छपराखाली मिळतात. नागरिकत्वाची परीक्षाही अशीच अडकली होती. ज्यांना कुठलीच भाषा लिहिता येत नाही, ते इंग्रजीची परीक्षा देणार कशी? २००० सालच्या कायद्याने माजी मोंग सैनिकांना आणि त्यांच्या जोडीदारांना इंग्रजीची अट माफ केली. युद्धाची ही कबुली यायला पंचवीस वर्षं लागली.

कुळाचा हा आधार सगळ्यांना सारखा मिळत नाही, हेही सांगायला हवं. लग्न ठरवताना दोन्ही बाजूंचे ‘मे काँग’, म्हणजे मध्यस्थ, टेबलाशी बसून तासन्‌तास बोलणी करतात. मुलीच्या आईबापांना देज, म्हणजे मुलीबद्दल द्यायची रक्कम, ठरतं. काही मुलींना त्यात आपला मान वाटतो, काहींना आपला सौदा. पूर्वी मुलीला पळवून नेऊन लग्न लावायचीही रीत होती. १९८५ मध्ये फ्रेस्नोत अशा एका प्रकरणात मुलीने अपहरण आणि बलात्काराची तक्रार केली. आरोपीच्या रीतिरिवाजाचा विचार करून न्यायालयाने किरकोळ गुन्ह्यावर १२० दिवसांची कैद दिली. संस्कृती समजून घेण्याच्या नादात त्या मुलीचं म्हणणं मागे पडलं, असंच माझं मत आहे. घटस्फोट हवा असलेल्या बाईला आजही कुळाच्या पंचांपुढे जावं लागतं आणि तिथे बहुतेक पुरुषच असतात. या चौकटीवर सगळ्यात नेटाने बोट ठेवलं ते मोंग बायकांनीच. २००२ मध्ये ‘मी मुआ’ या नावाच्या बाई मिनेसोटाच्या सिनेटमध्ये निवडून आल्या. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या विधिमंडळातल्या त्या पहिल्या मोंग.

घराघरात दुसरी एक चीर आहे ती धर्माची. बऱ्याच मोंगांनी ख्रिस्ती धर्म घेतला, काहींनी लाओसमध्येच. मुलगा चर्चला जाऊ लागला की बापाला पडणारा प्रश्न अगदी व्यवहारी असतो: मी मेल्यावर मला वाट कोण दाखवणार, नैवेद्य कोण ठेवणार? काही कुटुंबांत बाप जिवंतपणीच पुतण्याला सांगून ठेवतो.

भाषेचं चित्र संमिश्र आहे. आज फोनवर जी लिपी वापरतात ती रोमन, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लाओसमध्ये मिशनऱ्यांनी बसवलेली. शब्दाच्या शेवटचं अक्षर उच्चारायचं नसतं, ते फक्त सूर दाखवतं. दुसरी ‘पहाव’ ही लिपी १९५९ मध्ये शाँग लू यांग नावाच्या एका निरक्षर शेतकऱ्याने तयार केली. सेंट पॉलच्या सरकारी शाळांमध्ये मोंग आणि इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांतले वर्ग आहेत. तरीही नातवंडं आजीला उत्तर इंग्रजीतच देतात.

ज्या म्हाताऱ्यांना कुठलीच लिपी येत नाही त्यांनी आपला रस्ता शोधलाय. ऑफिसच्या बैठकांसाठी असतात त्या फुकट कॉन्फरन्स कॉलच्या लाइन त्यांनी रेडिओसारख्या वापरायला घेतल्या. ठरलेल्या नंबरवर फोन लावायचा, स्पीकर चालू करून भांडी घासायची किंवा भरतकाम करायचं, आणि देशभरातल्या शेकडो-हजारो मोंगांबरोबर ऐकत बसायचं. बातम्या असतात, जुन्या कथा असतात, औषधांच्या जाहिराती असतात. बटण दाबलं की आपल्यालाही बोलता येतं. रात्री उशिराच्या काही कार्यक्रमांत बायका नवऱ्यांविषयी, देजाविषयी, कुळाच्या पंचांविषयी नाव न सांगता बोलतात, आणि कधी कधी पंचही ऐकत असतात.